कोणी लिहीत असेल तर थांबावे

दोन माणसं एकत्र आली की गप्पा होतात, तीन आली की ग्रुप होतो आणि चौथं माणूस आलं की नियमावली लागते. मानवजातीची आजवरची सगळी प्रगती या चौथ्या माणसामुळे झालेली आहे. पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपमध्ये तर चोवीस मुलांचे पालक होते. तेव्हा तिथं केवढी प्रगती झाली असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आधी हा ग्रुप फार मागासलेला होता. कुणीही उठावं आणि काहीही विचारावं. "आमचा एक मोजा तिथं राहिलाय का?" "उद्या सुट्टी आहे ना हो?" "कुणाच्या मुलाने आमच्याला बोचकारलंय?" आणि कुणीही उत्तर द्यावं. मोजे सापडत होते, सुट्ट्या कळत होत्या, पण हे सगळं कोणत्या नियमाखाली होतंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जुळ्यांच्या बाबांना ही अनागोंदी बघवेना. ते वजनमापे निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतून तराजू तपासायचे आणि काटा केसभर कलला तरी दुकानदाराला घाम फोडायचे. अशा माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर चोवीस मतं न तोलता पडलेली दिसली, तर त्याला जेवण गोड लागणार कसं? एका रविवारी जुळी झोपलेली असताना त्यांनी सव्वीस नियम लिहून काढले. (दोघं एकाच वेळी झोपल्याचा तो एकमेव प्रसंग. त्याचंही त्यांनी सोनं केलं.)

नियमावली सर्वांगसुंदर होती. एका मुलामागे एक मत. आई आणि बाबा यांचं पटत नसल्यास तो वाद घरी मिटवून एकच मत ग्रुपवर आणावं. जुळी असल्यास दोन मतं. (नियम करणाऱ्यांना जुळी असणं हा निव्वळ योगायोग.) अंगठा म्हणजे एक मत. दोन अंगठे म्हणजेही एकच मत, फक्त आवाज चढवून दिलेलं. लाल हृदय म्हणजे एक मत, जिव्हाळ्यासह. जिव्हाळा मोजणीत धरला जाणार नाही. जोडलेले हात म्हणजे मेसेज मिळाला, वाचलेला नाही. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकल्यास कुणाला हसलात ते दुसऱ्या दिवशीपर्यंत कळवावं, नाहीतर ॲडमिनला हसलात असं धरलं जाईल.

पाळणाघराच्या ताई ग्रुपमध्ये नव्हत्या. नियम क्रमांक चार तसाच होता: ज्यांच्याविषयी चर्चा करायची त्यांनी चर्चेत असू नये आणि चर्चा त्यांच्या कानावर घालू नये, म्हणजे सर्वांना मोकळेपणाने बोलता येते.

पण नियमावलीचा कळस म्हणजे नियम दहा, मौनाचा. खिडकीच्या पडद्याच्या रंगावर पहिलं मतदान झालं तेव्हा चोवीसपैकी तीनच मतं पडली आणि त्यातलं एक चुकून पडलं होतं. निरीक्षकांना दोन दिवस अन्न गेलं नाही. मग नियम आला की जो गप्प आहे त्याची संमती आहे. तेव्हापासून ग्रुपवर मतदान शंभर टक्के होतं. कधीकधी कुणीच मत देत नाही, तरीही शंभर टक्के होतं. भल्याभल्या निवडणुकांना हे जमलेलं नाही.

नियम अकरा मात्र निरीक्षकांना स्वतःच्या घरात बसून शिकावा लागला. ग्रुपमध्ये एका नातवाचे आजोबा होते. ते एका बोटाने टाइप करायचे, तेही प्रत्येक अक्षराला चष्मा सारखा करून. पडद्याच्या रंगावरची त्यांची हरकत अर्धी लिहून झाली होती, तेवढ्यात निरीक्षकांनी मतदान बंद केलं. आजोबा चप्पल घालून थेट निरीक्षकांच्या घरी गेले आणि उरलेली हरकत तोंडी सांगितली. तोंडी बोलणाऱ्याला कसं थांबवायचं याची नियमावलीत तरतूद नव्हती. दुसऱ्याच दिवशी नियम आला: कोणी लिहीत असेल तर थांबावे, नावाखाली 'टायपिंग' दिसत असेपर्यंत मतदान बंद करू नये. आणि त्याला जोडून बारावा: मतदान चालू असताना आलेला मजकूर ही दुरुस्ती समजावी, आणि पाव तासात विरोध न आल्यास मूळ प्रस्ताव दुरुस्त झाला असे समजावे.

असा सगळा चोख बंदोबस्त असताना एका दुपारी निरीक्षकांनी ग्रुपवर प्रस्ताव टाकला.

"आदरणीय पालकहो, ताईंनाही जीव आहे. काही पालक (नावे घेणे उचित नाही) मूल न्यायला सहा वाजता येतात. ताईंना विश्रांती मिळावी म्हणून पाळणाघराचे दार साडेपाचला बंद व्हावे. मतदान आज आठपर्यंत."

'काही पालक' म्हणजे एकच बाई होती. भिंगरीची आई.

भिंगरीची आई कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर टेकतोय का बघायचं, सुळा जरासा वाकडा ठेवायचा, म्हणजे हसू खरं दिसतं. कारखाना पाचला सुटायचा आणि बस तिला सहाला पाळणाघरापाशी सोडायची. मधे कुठे कातर लावायला जागाच नव्हती. दार साडेपाचला बंद झालं, तर नोकरी आणि मूल यांतलं एक दाराबाहेर राहणार, आणि मूल काही दाराबाहेर ठेवता येत नाही. भिंगरीचे बाबा छापखान्यात संध्याकाळच्या पाळीला असायचे. त्यांनी ग्रुप कधीचाच म्यूट करून ठेवला होता, म्हणजे नियमाच्या भाषेत ते प्रत्येक गोष्टीला राजी होते.

तिने प्रस्ताव वाचला तेव्हा हातात कुणातरी आजीबाईंचा वरचा जबडा होता. तिने मेणाची बोटं पुसली आणि लिहायला घेतलं. "मला थोडं." एवढ्यात मालक मागे येऊन उभे राहिले.

"अहो, आजीबाईंची वरची झाली का? परवा नातीचं लग्न आहे त्यांच्या. फोटोत काय ओठ मिटून बसायचं?"

"होतेय, साहेब. शेवटच्या दोन दाढा."

बसमध्ये एका हाताने दांडा धरून तिने पुढे लिहिलं. "मला थोडं सांगायचं." ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि समोरच्या बाईंची पिशवी तिच्या पोटात आली. वाक्य तिथंच राहिलं.

ताई पाळणाघराच्या पायरीवर बसल्या होत्या आणि भिंगरी त्यांच्या मांडीवर. बाकीची मुलं केव्हाच गेली होती. खेळणी टोपलीत गेली होती, फरशी पुसून झाली होती. आईला बघून भिंगरीने दोन्ही हात असे पसरले, जणू दिवसभर कुणी तिला घेतलंच नसावं.

"बघ कशी ढोंगी आहे," ताई म्हणाल्या. "आत्ता एवढ्यात खिदळत होती. आणि हे काय केलंय बघ तुझ्या लेकीने." त्यांनी चष्मा काढून दाखवला. काडी चघळून चघळून वाकडी झाली होती. "दात येतायत हिला. तू दिवसभर लोकांना दात बसवून देतेस ना? दे की हिलाही दोन."

"आमच्याकडे मापाचे नाहीत, ताई."

"आज चेहरा का उतरलाय गं?"

"काही नाही. बसला गर्दी होती." नियम चार तिला पाठ होता. तरी राहवेना. "ताई, मला रोज उशीर होतो. तुम्हाला थांबावं लागतं."

"थांबायला मी कुठं जायचीय? वर तर राहते." ताईंनी भिंगरीच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "दिवसभर चोवीस जणांत कुणाचं नाक पुसलं तेही कळत नाही. हिच्यापुरता एवढा अर्धा तास मूल सांभाळल्यासारखं वाटतं बघ. जा आता, भूक लागली असेल तिला."

हा पुरावा निर्णायक होता, पण नियमावलीत बसणारा नव्हता. ताईंचं मत ग्रुपवर मांडायचं, तर ताईंना विचारलं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

घरी आल्यावर भिंगरीला कडेवर घेऊन तिने तिसऱ्यांदा फोन उघडला. आठ वाजायला आले होते. तेवढ्यात दूध वर आलं. भिंगरीने किंकाळी फोडली. आईने तिला खाली ठेवलं, तिच्या हातात मिळेल ती वस्तू दिली आणि गॅसकडे धावली. मिळेल ती वस्तू म्हणजे फोन होता. भिंगरी तो घेऊन रांगत टेबलाखाली गेली, निवांत बसली आणि सुजलेली हिरडी तिने काचेवर टेकवली. काच गार होती. असं सुख तिला आठवडाभरात मिळालं नव्हतं.

ग्रुपवर उमटलं: 'भिंगरीची आई टायपिंग…'

आठ वाजले. बावीस मतं गप्प होती, म्हणजे प्रस्ताव मंजूर होता. एकट्या राजाच्या आईने अंगठा दिला होता. निरीक्षकांनी 'मतदान संपले' हा मेसेज तयारच ठेवला होता. बोट पुढे नेलं आणि नियम अकरा आठवून मागे घेतलं. स्वतःच्याच हाताने केलेला नियम मोडायचा, तर माणसाने तराजूवर विश्वास ठेवायचा कसा?

टायपिंग. टायपिंग. टायपिंग.

"किती मोठं लिहितायत?" राजाच्या आईने विचारलं.

"सविस्तर लिहू द्या," आजोबांनी बऱ्याच वेळाने लिहिलं. "मी सगळं वाचणार आहे."

"त्यांच्या घरात कुणी वकील आहे का?" हे बबड्याचे बाबा.

"माझा अंगठा ताईंच्या काळजीपोटी होता हं," राजाची आई म्हणाली. "सहा म्हणजे तसं काही फार नाही."

"पावणेसहा तर मलाही कधीकधी होतात. रस्त्यात गाड्या किती असतात!"

"मला परवा सहाला पाच कमी होते. ताई काही बोलल्या नाहीत."

"कृपया शांतता राखावी," निरीक्षकांनी बजावलं. "त्यांना एकाग्रपणे लिहू द्यावे." आणि मग, ज्याअर्थी शांतता राखायची होती त्याअर्थी, घराघरांत पोळ्या, वरण, भात, जे काही होतं ते फोनकडे बघत बघत खाल्लं गेलं. प्रत्येकजण मनात आठवत होता की आपण भिंगरीच्या आईला कधी काय बोललो होतो. एकीला आठवलं की आपण एकदा हिच्या लेकीचं दुपटं घरी नेलं होतं, ते अजून आपल्याच कपाटात आहे. लिहिलेल्या मजकुराला उत्तर देता येतं, न लिहिलेल्याला कोण देणार? ग्रुपच्या इतिहासात इतका परिणामकारक मजकूर दुसरा झालेला नाही आणि तो अजून यायचाच होता.

दूध निवलं, भिंगरीची आई टेबलाखाली वाकली आणि फोन ओढून घेतला. तो लाळेने चिंब झाला होता. फ्रॉकच्या टोकाने पुसून बघते तो 'मला थोडं सांगायचं' या तिच्या शब्दांपुढे 'ळळळळळ' अशी ओळ लागली होती, आणि ती काही केल्या संपेना. वरती मेसेजांची रांग. तिने सगळे वाचले. भिंगरीने जे लिहिलं होतं ते तसंच पाठवून द्यावं असं तिला क्षणभर वाटलं. इतकं मनापासून त्या ग्रुपवर आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

मग तिने सगळं पुसलं. स्वतःचे तीन शब्दही पुसले. 'थोडं' कशाला आणि 'सांगायचं' कशाला? भिंगरी तिच्या खांद्यावर हिरडी घासत होती. तिने एका अंगठ्याने लिहिलं:

"मला यायला सहा वाजतात. दार सहापर्यंत उघडं राहू दे."

एवढंच.

घराघरांत एकदम सुटकेचा निःश्वास टाकला गेला आणि पाठोपाठ शंका आली की हे एवढंच कसं असेल? एकाच्या नावाखाली 'टायपिंग' उमटलं आणि विझलं. मग दुसऱ्याच्या. न जाणो, आपण काही बोललो आणि बाई पुन्हा लिहायला बसली तर? पाव तास कुणी चकार शब्द काढला नाही.

निरीक्षकांनी काटा स्थिर झाल्याची खात्री करून निकाल जाहीर केला.

"दुरुस्तीच्या बाजूने: एक. विरोधात: शून्य. मौन: तेवीस. दुरुस्ती प्रचंड बहुमताने मंजूर. दार सहा वाजता बंद होईल. सर्व सहभागी सदस्यांचे आभार."

हा निकाल भिंगरीच्या आईने वाचला तेव्हा लेकीचं एक पाऊल तिच्या मुठीत होतं आणि दुसरं तिच्या नाकावर आपटत होतं. "जिंकलो गं आपण," ती म्हणाली. भिंगरीने तोंडभर हसून दाखवलं. खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं वर आलं होतं.

ठरावाची अंमलबजावणी मात्र अपेक्षेहून जास्त झाली. दार सहापर्यंत उघडं असतं हे एकदा मताने ठरल्यावर साडेपाचला येणं लोकांना कमीपणाचं वाटू लागलं. हक्क मिळालाय तर तो वापरला पाहिजे. आधी बबड्याचे बाबा आले, मग राजाची आई, आणि एक दिवस सहाला पाच कमी असताना काखेत प्रमाणित वजनांची पेटी घेऊन खुद्द निरीक्षक. भिंगरीची आई पोचली तेव्हा पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आतून बारा मुलं एकाच सुरात रडत होती.

"हल्ली सहा वाजता जत्राच भरते बाई," ताई तिला गर्दीतून भिंगरी देत म्हणाल्या. चष्म्याची दुसरी काडीही आता वाकडी होती. "तुम्ही लोकांनी मिळून काही ठरवलंय की काय?"

"मला नाही माहीत, ताई," भिंगरीची आई म्हणाली. तिला नियम चार पाठ होता.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ग्रुप असेलच. आत्ता तिथं कुणाच्या तरी नावाखाली 'टायपिंग' उमटलं, बराच वेळ राहिलं आणि विझलं. तेव्हा तुम्ही इथं दुसऱ्याच ग्रुपची गंमत वाचत होतात. हरकत नाही. तुमचं मौन नोंदवून घेतलं आहे.