लेलेबाईंचं गव्हाशी वाकडं

आमच्या सोसायटीत कोणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं, की मुलगी कोणाची, मुलगा काय करतो, असलं काही लेलेबाई विचारत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "जेवणात गहू आहे?" आहे म्हटलं की पत्रिका टीपॉयवर आणि दार बंद.

लेलेबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. एकट्याच राहतात. बोलणं अजूनही ट्रंक कॉलचे पैसे पडत असल्यासारखं. जिन्यात भेटल्या की नमस्कार वगैरे नाही, थेट माझ्या पोटाकडे बोट दाखवून, "जोशी, लाइन क्लिअर आहे?" मी जरा घुटमळलो, की संध्याकाळी दारात ज्वारीच्या आंबिलाचं पातेलं हजर.

त्यांचा वरीचा ढोकळा उत्तम असतो, हे कबूल केलं पाहिजे. राळ्याची बिर्याणीही भूक असेल तर जाते. पण आमचे चेअरमन कुलकर्णी साठ वर्षांचे झाले तेव्हा बाईंनी नाचणीचा केक केला. सुरी आत गेली. बाहेर काढायला वॉचमनला बोलवावं लागलं. "तंतू आहेत त्यात," बाई शांतपणे म्हणाल्या.

मग एका मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या. "यापुढे सोसायटीच्या कार्यक्रमात गहू, रवा, मैदा काही नाही. स्वयंपाक मी करीन."

"अहो बाई, गव्हाने तुमचं काय घोडं मारलंय?" कुलकर्णी कळवळले.

"घोड्याचं राहू द्या. स्वतःचं पोट बघा."

विरोध करणारे पुष्कळ होते, पण फुकट रांधणारं दुसरं कोणी नव्हतं. ठराव पास झाला. तेव्हापासून कोजागिरीला बाजरीचे वडे आणि वर्षअखेरीला ज्वारीच्या बेसवरचा पिझ्झा. 'भाकरीला टोमॅटो फासलाय,' असं पोरं म्हणतात.

आणि मध्यंतरी एका दुपारी, कामासाठी कात्रजला गेलो असताना, स्टॉपसमोरच्या अमृततुल्यमध्ये शिरलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर साक्षात लेलेबाई! डोळे मिटून चहात खारी बुडवत होत्या. मैद्याची, खुसखुशीत, पापुद्र्यापापुद्र्यांची खारी.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. पाहिलंतच आता."

"बाई, हे काय? आम्हाला नाचणी आणि तुम्ही इथे..."

"आपल्या दुसऱ्या मजल्यावर सई आहे ना, शिंद्यांची?"

आहे. सात-आठ वर्षांची, नुकतीच राहायला आलेली पोर.

"तिला गव्हाचा कणही चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. मीटिंगच्या आधी खाली कोणाचा तरी वाढदिवस होता. सगळी पोरं सामोसे खात होती आणि ही आपला डबा घेऊन जिन्यात बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, मला भूकच नाही. बायका आपल्या बिचारी, बिचारी करत होत्या." बाईंनी खारीचा तुकडा बशीत ठेवला. "सगळ्यांचंच बंद केलं, की तिला 'तू का खात नाहीस' असं कोण विचारणार? हे माझंच खूळ वाटावं म्हणून पत्रिका आली तरी आधी गहूच विचारते. लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत."

"पण हे मीटिंगमध्ये सांगितलं असतं, तर सगळ्यांनी आनंदाने ऐकलं असतं."

"दया करून ऐकलं असतं. आता शिव्या देत खाताहेत. ते बरं."

"मग ही खारी घरी का नाही खात?"

"संध्याकाळी ती येते माझ्याकडे. हक्काने डबे उघडते." बशीतला चुरा बोटाने गोळा करत त्या म्हणाल्या, "दुसरं कोण येतंय? घरात चुरासुद्धा नको." मग नेहमीच्या आवाजात, "चहा संपवा. गार होतोय."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि बाईंनी नाचणीचे लाडू वाटले. दगडासारखे होते. पोरांनी एकच कल्ला केला. त्यात सगळ्यात वरचा आवाज सईचा. पोरांच्या मधोमध उभी राहून, लाडू दाढेखाली धरून ती ओरडत होती, "लेलेआजी, हा फुटतच नाहीये!"

सगळी पोरं खिदळली. सईसुद्धा.

"मुकाट्याने खा!" बाई खेकसल्या आणि पाठ फिरवून, आधीच स्वच्छ असलेलं टेबल पदराने पुसत बसल्या.