भानुदासकाकांचं दुपंखी वेड

भानुदासकाकांच्या स्कूटरवर मागं बसायचं असेल, तर आधी "कॉन्टॅक्ट!" असं ओरडावं लागतं. हळू ओरडलात तर ते किकच मारत नाहीत. जुन्या दुपंखी विमानाचा पुढचा पंखा माणूस हातानं फिरवून चालू करायचा, तेव्हा तो आणि पायलट एकमेकांना असंच ओरडून सांगायचे म्हणे. एकदा माझ्या साहेबांना घाई होती, म्हणून मी त्यांना काकांच्या मागं बसवलं. जालना रोडवर, भर गर्दीत, टाय घातलेल्या त्या माणसाला घसा बसेपर्यंत ओरडावं लागलं, तेव्हा कुठं स्कूटर हलली. तेव्हापासून साहेब माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आमची कॉलनी चिकलठाण्याला, विमानतळाच्या शेजारी. डोक्यावरून विमान गेलं तर इथं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. काका करतात, पण तुच्छतेनं.

"ह्याला काय विमान म्हणायचं? पंख कसे, एकावर एक पाहिजेत. मधी खांब, मधी तारा. आन पायलट उघड्यावर! तोंडावर वारं बसलं पाहिजे राव!"

खिडक्या लावून, सँडविच खात उडणं त्यांना मंजूरच नाही. "ज्यात जीव टांगणीला लागत नाय, ते विमान नव्हं, एस.टी. हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिन हवेतच कसं बंद पडायचं, वारा उलटला की पंख कसे कुरकुरायचे, ढगात शिरलं की वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कसं कळायचं नाही, हे सगळं ते असं रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवतो. स्वतः मात्र चवीनं भुरका मारतात.

त्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. त्यामुळे काका गुलमंडीत कापड घ्यायला शिरले की दुकानदार चांगले तागे मागं सरकवतो. काका कापड ताणतात, उजेडात धरतात, मग तोंडाजवळ नेऊन फुंकर मारतात.

"आरपार वारं जातंय की!"

"चचा," दुकानदार हात जोडतो, "शर्ट सिलाना है के पतंग उडाना है?"

"शर्टच. पण वेळ काय सांगून येत नाय."

वेरूळला आम्ही सगळे एकत्र गेलो होतो तेव्हाची गोष्ट. कैलास लेण्यापुढं माणसं तोंडात बोटं घालून उभी होती. हे सगळं एका अखंड दगडातून कोरलंय, असं गाईड सांगत होता. काकांनी बराच वेळ वर बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "काम लई भारी. पण वजन लई झालं."

असल्या माणसाची पोरगी पायलट होणार नाही तर काय होणार? प्रज्ञा त्यांची एकुलती एक. काकू गेल्यावर दोघंच एकमेकांना. ती रोज मोठं विमान उडवते, आणि काका तिला रोज एस.टी.ची ड्रायव्हर म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात मात्र कमाल झाली! एका हौशी कारखानदारानं जुनं दुपंखी विमान दुरुस्त करून घेतलं, शहराबाहेर माळावर धावपट्टी केली आणि ते उडवायला प्रज्ञाला बोलावलं. पहिली फेरी तिनं एकटीनं मारायची. सगळं ठीक वाटलं, तर दुसऱ्या फेरीत पुढच्या सीटवर तिचे अप्पा, म्हणजे आमचे काका! कॉलनीत दिवाळी झाली. मी रजा टाकली. काकांनी नवा मफलर घेतला, अर्थात फुंकर मारून.

सकाळच्या उन्हात ते पिवळंधमक विमान बघून माझ्यासारख्या बँकेतल्या माणसालासुद्धा नाचावंसं वाटलं. काका सरळ विमानापाशी गेले. त्यांनी पंखांमधली एकेक तार ओढून बघितली. मग प्रज्ञाला विचारलं, "आजूबाजूला इजेच्या तारा?"

"नाहीत, अप्पा."

"व्हय. मी बी काल फिरून बघितलं. नायत."

"मग?"

"मग कायी नाय. तू नको उडवू."

मालक घड्याळाकडं बघायला लागले. प्रज्ञानं काकांचा हात धरला. "अप्पा, जन्मभर तुम्हीच तर..."

काका विमानाकडं बघतच बोलले. "मी विशीत होतो तवा गावाकडं कपाशीवर असल्याच विमानानं फवारा मारायचे. पायलटला ओळ कळावी म्हून शेताच्या टोकाला एक माणूस निशाण धरून उभा करायचे. तो मी. दर खेपेला पायलट माझ्याकडं बघून हात करायचा. लई गोड माणूस. एक दिवस मीच निशाण टाकलं, आन हौसेनं त्याला दोन्ही हात हलवले. त्यानं बघितलं. हसला, हात केला. म्होरची इजेची तार दिसलीच नाय त्याला."

प्रज्ञानंसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर नाही उडवणार. खरंच."

काका विमानाला एक फेरी घालून आले. पंखाच्या ताणलेल्या कापडावर त्यांनी तळवा टेकला. त्यांना ते विमान किती आवडलं होतं, ते त्या हाताकडं बघूनच कळत होतं.

"उडव," ते म्हणाले. "पण खाली बघायचं नाय. मी पडलो तरी बघायचं नाय. म्होरं बघायचं."

विमान धडधडत पळालं, वर उठलं, आणि काय सांगू, आम्ही सगळे लहान पोरांसारखे ओरडलो! ते डोक्यावरून गेलं तेव्हा प्रत्येक जण दोन्ही हात हलवत होता. एकटे काका हात पाठीमागं बांधून उभे होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही.

प्रज्ञा झोकात उतरली. इंजिन बंद झालं, पुढचा पंखा हळूहळू थांबला. तो पुरता थांबेपर्यंत काका हलले नाहीत.

मग त्यांनी हात वर केला. आधी एक, मग दुसरा. चार पावलांवर बसलेल्या आपल्या पोरीला ते कितीतरी वेळ हात करत राहिले.