टिश्यूच्या पाकिटाचा पोकर

पोकरमध्ये नशिबाचा वाटा फार थोडा असतो, हे मी नवऱ्याला जहाजाने सिंगापूर सोडायच्या आतच पटवून दिलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. शक्यता म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको.

"मग लाव पैज," कीट सेंग म्हणाला. "स्पर्धेत जो जास्त टिकेल, तो पुढची सुट्टी ठरवणार."

मला होक्काइदोचा बर्फ बघायचा होता. त्याला इपोहला बहिणीकडे चौदा दिवस राहायचं होतं. माझी ही नणंद पहाटे पाचला माइकवर गाते आणि टाळ्या पडल्याशिवाय चहा देत नाही. मी पैज लावली.

कसिनोतल्या दुपारच्या स्पर्धेला माणशी एकशेवीस डॉलर. त्यातले तीस जहाज आधीच कापून घेणार. "पत्ते हातात येण्यापूर्वीच पंचवीस टक्के तोटा," मी म्हणाले. कीट सेंगचं लक्ष नव्हतं. वर जेवणघरात खेकडे संपत आले होते. फूड सेंटरमध्ये जागा धरायला ठेवतो तसं त्याने आपल्या जागेवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि तो गेला.

"ती खुर्ची रिकामी आहे. त्याला बाद करा," मी पत्ते वाटणाऱ्या मारिविकला सांगितलं.

शेजारचे क्वेक अंकल दुखावले. "रिकामी कुठे, बाई? टिश्यू आहे ना."

सगळ्या टेबलाने माना डोलावल्या. आम्ही आठही जण सिंगापूरचे; म्हणजे पाकीट धरून.

"पैसे भरलेत, मॅडम," मारिविक म्हणाली. "पत्ते वाटावेच लागतात. तो खेळला नाही की मी परत घेईन."

आपली पाळी आली की पत्ते न बघताच थोड्या चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. पाकिटाच्या तेवढ्याच जात होत्या. बाकी ते शांत होतं. शांत नव्हतो ते आम्ही. अर्ध्या तासात तिघे उठले. एकदा तर बाकी सगळ्यांनीच पत्ते टाकून डाव सोडला आणि मधल्या चिप्स पाकिटाला मिळाल्या.

"चेहऱ्यावर काही दिसतच नाही हो त्याच्या," अंकल आदराने म्हणाले.

आणखी अर्ध्या तासाने तिघे उरलो: अंकल, पाकीट आणि मी. तेवढ्यात कीट सेंग आला, कोपरापर्यंत खेकड्याचा रस्सा माखलेला.

"बस की आता," अंकल म्हणाले.

"नको. तो चांगला खेळतोय. मी कशाला बिघडवू?"

मी हिशोब केला. पाकिटाच्या चिप्स आणखी नऊ डाव पुरतील. नऊ डाव मी काहीही करायचं नाही, की होक्काइदो माझं.

तिसऱ्या डावात मला दोन राजे आले.

मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. अंकलकडे माझ्याहून जास्त चिप्स होत्या आणि हातात दोन दश्श्या. त्यांनीही तेवढ्याच लावल्या. "इथे शंभरात ऐंशी वेळा मी जिंकते," मी टेबलाला नीट समजावून सांगितलं. मारिविकने मधले पत्ते उघडले. शेवटचा पत्ता अंकलची तिसरी दश्शी होता, आणि मी बाद.

पाकीट दुसरं आलं. अंकलनी उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं, म्हणजे त्यातला एक टिश्यू घेतला.

हल्ली मला कोणी विचारलं, की जहाजावर पोकर खेळायला खर्च किती येतो, तर मी नेमका आकडा सांगते. एकशेवीस डॉलर, आणि चौदा दिवस नणंद.