राखलेलं नुकसान

नुकसान होणं निसर्गाच्या हाती असलं, तरी झालेलं नुकसान टिकवणं ही शेतकऱ्याची जबाबदारी असते. हिंगोली जिल्ह्यातल्या उंबरटाकळीत दोन हजार सहा साली ही जबाबदारी एकट्या धुरपताबाईंनी पार पाडली.

ऐन काढणीत सहा दिवस पाऊस लागला आणि उभ्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. कोतवालानं दवंडी दिली: पंचनामा होईपर्यंत पिकाला हात लावू नये. गावातल्या एक्केचाळीस शेतकऱ्यांनी दवंडी आदरानं ऐकली, आठ दिवस वाट पाहिली आणि सडकं सोयाबीन उपटून हरभरा पेरला. (जमिनीतली ओल शासकीय आदेश वाचत नाही.) बियाणं धुरपताबाईंच्याही घरात होतं. पण दोन एकरांची मदत हाती आली, तर लेकीच्या, ज्योतीच्या, नर्सिंगची फी भरता येणार होती. म्हणून त्यांनी नुकसान राखायला घेतलं.

काट्याचं कुंपण घातलं. शेळ्या हाकलल्या. रानडुकरांसाठी मचाण बांधलं. धडधाकट पिकाचे त्यांनी इतके लाड कधी केले नव्हते. रोज सकाळी त्या मूठभर माती दाबून पाहत. पहिल्या आठवड्यात तिचा मुटका होई, तिसऱ्यात ती बोटांतून सांडून गेली.

"वयनी, सडकं सोनं राखून राहिल्या का?" शेजारच्या उकंडरावांनी विचारलं.

"व्हय भाऊजी. तुमच्याकडं तर तेवढंबी न्हाई."

हे शब्दशः खरं होतं. पंचविसाव्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले, तेव्हा गावभर हरभरा डोलत होता आणि नुकसान एकाच शेतात उरलं होतं. आदेशाप्रमाणे नुकसानग्रस्त पिकात शेतकऱ्याचा फोटो सक्तीचा. नुकसान सगळ्यांचं झालंय, हे भाऊसाहेबांना माहीत होतं. पुरावा धुरपताबाईंकडे होता, शेतही रस्त्यालगत. सगळ्यांना तिथंच बोलावलं. धुरपताबाईंनी चहा ठेवला.

सरपंचांपासून सुरुवात झाली. एकेक शेतकरी, सोबत दोन पंच, समोर फोटोग्राफर. (त्यानं प्रत्येकाला 'हसू नका' असं बजावलं.) उकंडरावांनी तर डोळे पुसले. "माझंच वाटून राहिलं हो," ते म्हणाले. यजमानीण म्हणून धुरपताबाईंचा नंबर शेवटचा, बेचाळिसावा. तोवर शेताचं खळं झालं होतं.

"मावशी, इथं पीक कुठंय?"

"आत्ता तर व्हतं की भाऊसाहेब! तुमीच समद्यांनी तुडवलं न्हाई का?"

"तुडवल्याचा रकाना न्हाई मावशी. अतिवृष्टीचाच हाय."

भाऊसाहेब दुष्ट नव्हते, चहा दोनदा घेतला होता. पण डोळ्यांसमोर जे दिसलं तेच लिहिणं भाग होतं: 'शेत मोकळे. पीक नाही. सबब नुकसान नाही.' बाकीचे एक्केचाळीस फोटो वरच्या कचेरीनं बारकाईनं तपासले आणि 'नुकसान सर्वत्र एकसारखे' असा समाधानाचा शेरा मारला.

फीची तारीख गेली. ज्योती आणि धुरपताबाई उकंडरावांच्या हरभऱ्यात खुरपायला जाऊ लागल्या. उकंडरावांनी उपकाराची जाण ठेवून रोजामागे पाच रुपये जास्त दिले.

पुढं वर्तमानपत्रात चौकट आली: 'उंबरटाकळीत अठ्ठ्याण्णव टक्के शेतकऱ्यांना मदत.' ती आपणही वाचली असेल. वाचून बरंही वाटलं असेल. तेवढ्यासाठीच ती छापली होती.