कोणत्याही देवाचा उपास

मी रोहिदास, जव्हारच्या आमच्या दवाखान्यातला तंत्रज्ञ. छातीठोकपणे सांगतो, पोटातले पन्नास हजार फोटो दहा मिनिटांत तपासणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच! म्हणजे मी आणि माझं नवं सॉफ्टवेअर.

पेशंट सूर्यमाळच्या हिराबाई. अंगातलं रक्त निम्म्याच्या खाली. हंडा घेऊन चढ चढताना दोनदा बसायच्या. पोटात दुर्बीण घालून वरून पाहिलं, खालून पाहिलं, रक्त कुठं जातंय ते सापडेना. म्हणून डॉक्टर ममता मॅडमनी कॅमेऱ्याची गोळी मागवली. ती गिळायची, की आतड्यातून जाताना फोटो काढत जाते. मोठ्या मिनतवारीनं एकच गोळी मिळाली होती. हिराबाईंच्या नवऱ्याला, माघ्याकाकांना, मी फोनवर बजावलं, "उद्या काकूंना उपास करायला लावा."

"कोनत्या देवाचा?"

"कोणत्याही देवाचा करा, पण करा!" मी घाईत होतो.

गोळी गिळून झाली, फोटो आले. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधीच मी सॉफ्टवेअर चालवलं. स्क्रीन लालेलाल!

"चारशे बारा ठिकाणी रक्त!" मी ओरडलो आणि मग मागं पाहिलं. दारात माघ्याकाका उभे. त्यांनी तिथूनच गावाला फोन लावला.

अकरापर्यंत सूर्यमाळहून जीप भरून माणसं आली. रडारड सुरू झाली. हिराबाई मात्र शांत होत्या. खाटेवरून घरातल्या चीजवस्तूंची वाटणी करत होत्या. धाकट्या बहिणीला म्हणाल्या,

"गोदे, काळी कोंबडी तुला. अंड्यांवर बसलीय, उठवू नको तिला."

कोणी हसलं नाही. मला तर दवाखान्याच्या मागच्या दारानं पळून जावंसं वाटलं.

मॅडम आल्या. एकेक फोटो मोठा करून बघत राहिल्या. मग विचारलं, "हिराबाई, काल गोळी गिळायच्या आधी काय खाल्लंत?"

"उपास व्हता ना! लाल रताळी खाल्ली, उकडून. या दादानंच सांगलं व्हतं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "रोहिदास, ही चारशे बारा ठिकाणं म्हणजे रताळ्याच्या लाल साली आहेत. दुसरी गोळी नाही. आता सगळे फोटो डोळ्यांनी बघायचे. तू आणि मी."

दोन दिवस लागले. तोवर सूर्यमाळची माणसं दवाखान्याच्या ओसरीवरच मुक्कामाला. एकतीस हजाराव्या फोटोच्या पुढं, दोन सालींच्या मधे, दोऱ्यासारखं काहीतरी आतड्याला चिकटलेलं दिसलं. पुढं आणखी, मग आणखी. रक्त पिणारे जंत! चिखलात अनवाणी भाताची आवणी करताना पायातून शिरतात, मॅडम म्हणाल्या. सॉफ्टवेअरनं त्यांना 'अन्नाचे कण' म्हणून बाजूला टाकलं होतं.

इलाज साध्या गोळ्यांचा. गोळ्या घेऊन सांगायला मीच गेलो. हिराबाईंनी एक गोळी हातात घेतली.

"म्हंजे मी मरत नाय?"

"नाही काकू."

"गोदे, कोंबडी परत दे!" मग हातातली गोळी निरखून मला म्हणाल्या, "दादा, ही कशी घ्यायची? जेवून, का उपास करून?"

जीपभर माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली.

"मॅडम सांगतील," मी म्हणालो.