दामूकाकांची तिजोरी

माझ्या आयुष्यात सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं मला कोणी विचारलं, तर आईवडिलांची क्षमा मागून मी दामोदर नाईकनवरे हे नाव सांगेन. आणि हे दामोदरराव, म्हणजे आमचे दामूकाका, ऐंशीच्या दशकात टेक्सासमधल्या दुकानादुकानांतून तिजोऱ्यांवर टिचक्या मारत हिंडायचे.

नारळ घेताना आपण जसा कानाशी धरून वाजवून बघतो, तसं. पद्धत ठरलेली. आधी बोटाच्या पेराने दारावर टकटक. मग कान लावून, डोळे मिटून ऐकणं. मग डोळे उघडून निकाल.

"डबा."

थोडं थांबून, "भाजणीचा."

डॅलसच्या मराठी मंडळातल्या लोकांनी त्यांचं नाव 'डबाकाका' ठेवलं होतं. गणपतीत आरती संपली की कोणीतरी हळूच स्टीलच्या डब्यावर टिचकी मारायचं आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. मला ह्या लोकांचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. देगलूरसारख्या गावातून आलेला, सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा मी. घराण्यात पहिला पदवीधर. विद्यापीठातली माझी खोली सुटली तेव्हा ह्या हसणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा, तू झोपतोस कुठे. दामूकाकांनी विचारलंसुद्धा नाही. माझी ट्रंक उचलली, गाडीत टाकली आणि घरी गेल्यावर काकूंना म्हणाले, "हा सुभाष. हा आता इथेच राहणार." एम.एस. होईपर्यंत मी त्यांच्या डॅलसजवळच्या अर्विंगच्या घरात राहिलो. पदवीदान समारंभाला माझे वडील येऊ शकले नाहीत, तर काका पहिल्या रांगेत उभे राहून एवढ्या मोठ्याने टाळ्या वाजवत होते, की त्यांना बसवायला माणूस पाठवावा लागला. "उभं राहायचं नाही? का? ह्याला जबाबदार कोण?" असं त्यांनी त्या माणसाला मराठीतच विचारलं.

'ह्याला जबाबदार कोण?' हा काकांचा जगाला कायमचा प्रश्न होता. ट्रॅफिक तुंबलं, आंबा आंबट निघाला, टीव्हीवरच्या माणसाने पाऊस सांगितला आणि ऊन पडलं, तरी जबाबदार कोण? ते धातुशास्त्रातले इंजिनियर. तेलाच्या पाइपांचे सांधे तपासणं हे त्यांचं काम. सांधा कच्चा राहिला तर जबाबदार कोण, हे त्यांना नोकरीत रोज लिहावं लागे. त्यामुळे सवय जडली असावी.

आता बंदुकांबद्दल. काकांच्या आजोबांकडे गावी एक ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस चौकीत जमा करावी लागे, आणि निवडणुका इतक्या, की बंदूक घरात कमी आणि चौकीतच जास्त राहिली. काकांनी लहानपणी ती मोजून दोनदाच हातात घेतली. मग टेक्सासात आल्यावर एका जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना तसलीच एक दिसली. लोखंडाच्या पट्ट्यांना वेणीसारखा पीळ घालून केलेली नळी! धातुशास्त्राचा माणूस, विरघळलाच. दुकानदाराने ती त्यांना सहज विकून टाकली.

ह्याचाही त्यांना संताप. "मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वांगी दिल्यासारखी बंदूक दिली! मी कोण आहे हे कळायला नको?"

पण घेतली. नंतर एक दुनळी घेतली, एक गुराख्यांची जुनी रायफल घेतली, असं करत त्यांचा संग्रह झाला. ह्या माणसाने आयुष्यात चिमणीवरही नेम धरला नाही. घरात एक गोळी नव्हती. बंदुका वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर यायच्या. दिवाणखान्यात पांढरी चादर, त्यावर ओळीने बंदुका, प्रत्येकीला गंध, झेंडूचं फूल, आणि काका सोवळ्यात. आम्ही सगळे विद्यार्थी काकूंच्या आंबट क्रीमच्या श्रीखंडासाठी जायचो. त्याआधी काकांचं व्याख्यान ऐकावं लागे. विषय एकच: पूर्वी लोखंड कसं होतं आणि आता कसं आहे.

वर्षभर ह्या बंदुका सोलापुरी चादरींत गुंडाळून पलंगाखाली असत. आणि तिथेच घोळ झाला.

काकांची मुलगी नीता लांब, विमानाने जावं लागेल अशा बेलव्ह्यूला असते. एका नाताळात ती आली होती. तिचा रोहन तेव्हा रांगत होता. रांगत रांगत पलंगाखाली गेला आणि चादरीचं टोक धरून ओढत बाहेर आला. चादरीबरोबर दुनळीही आली. नीताने रोहनला उचललं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिने काकांना एवढंच सांगितलं, "नो सेफ, नो रोहन, बाबा."

"बापावर विश्वास नाही!" परत येताना गाडीत काका तापले. "अगं, रिकाम्या बंदुका त्या! आम्ही काय लहानपणी विळीवर बसून खेळलो नाही?"

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "तुमच्या अंगठ्यावर खूण आहे त्याची. दाखवा सुभाषला."

काकांनी अंगठा मुठीत दडवला. पण त्या शनिवारपासून आमची तिजोरीयात्रा सुरू झाली. मी सोबत हवाच, कारण त्यांच्या मते मला 'अमेरिकन लोकांशी सौम्य बोलता येतं.' रोहनसाठी आणलेली तीनचाकी सायकल गॅरेजमध्ये खोक्यात बंद होती. गाडी काढताना काका रोज त्या खोक्याला वळसा घालायचे, आणि रोज म्हणायचे, "ही इथे कोणी ठेवली?" त्यांनीच ठेवली होती.

दोन वर्षांहून जास्त आम्ही हिंडलो. एक दुकान सोडलं नाही. त्यातलं शेवटी-शेवटीचं, हायवेजवळचं एक मला चांगलं आठवतं. विक्रेता धिप्पाड, मोठी टोपी घातलेला, स्वभावाने गोड.

"कॅन आय हेल्प यू, सर?"

काकांचा कान दाराला होता. त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग डोळे उघडले. "धिस इज अ डबा."

"अ व्हॉट, सर?"

"सुभाषराव, सांगा ह्याला." रागावले की मी सुभाषराव, एरवी सुभ्या.

मी सौम्यपणे म्हणालो, "ही मीन्स अ कुकी टिन."

मग काका सुटले. बिजागरी बाहेर आहे, ठीक आहे. पण त्या बाजूला आत दार अडकवणारा एकही खुंटा का नाही? बिजागरीची खीळ काढली की दार चोराच्या हातात! कुलूप कशाला फोडेल तो? पत्रा एवढा पातळ का? आग लागली तरी आतलं वाचतं म्हणता, तर दाराच्या आत हा एवढासा पांढरा बोर्ड का? त्यांनी खिशातली टाचणी काढून टोचून दाखवलं, पांढरी भुकटी पडली. "खडू! आगीशी लढायला खडू!" शेवटी त्यांनी तिजोरीला खांदा लावला. ती डुलली. "आणि ही जमिनीला बांधलेली नाही! ह्याला जबाबदार कोण?"

विक्रेता शांतपणे म्हणाला, तिजोरी काय, प्रामाणिक माणसांना प्रामाणिक ठेवायला असते.

झालं. काका लालबुंद. "प्रामाणिक माणसाला प्रामाणिक ठेवायला त्याचे आईबाप असतात! तिजोरी कशाला?" हे मी सौम्य करून इंग्रजीत सांगितलं.

त्या माणसाने टोपी मागे सरकवली. "सर, तुम्हाला नेमकी भीती कसल्या चोराची आहे?"

काका तिजोरीपासून बाजूला झाले. मग त्यांनी हाताचा पंजा गुडघ्याच्या थोडा वर, हवेत धरला. "ही इज थ्री."

विक्रेता हसला. तीन वर्षांच्या मुलासाठी दुकानातलं कुठलंही कपाट पुरेल, म्हणाला.

"यू डोन्ट नो माय ग्रँडसन," काका म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

शेवटी मनासारखी मिळाली ती बंद होत असलेल्या एका सोनाराच्या दुकानात. उंच, काळी, जुनी तिजोरी. काकांनी टिचकी मारली, कान लावला, आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. मग देवळात बोलावं तसं हळू म्हणाले, "सुभ्या, ऐक." मीही कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. "तेच तर," ते म्हणाले.

ती घरी आणताना दारातल्या फरश्या फुटल्या. काकांनी आतले कप्पे कापून काढले, अभ्यासाच्या खोलीत काँक्रीटमध्ये बोल्ट ठोकून तिला बसवली. काकूंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. बंदुका आत गेल्या. दोन किल्ल्या होत्या, त्यातली एक मी पाहिली. वितीएवढी. काकांनी नीताला फोन केला. "ये आता! हत्ती आणलास तरी दार हलणार नाही."

नीता आली. मला नॉर्थ कॅरोलायनात नोकरी लागली होती, मॉरिसव्हिलला निघायची तयारी चालू होती, म्हणून मीही जेवायला होतो. काकांनी तिला तिजोरी दाखवली. खुंटे दाखवले, बिजागरी दाखवली, दारावर टिचकी मारायला लावली. नीता बापाकडे पाहून हसली. "ओके बाबा, आय ॲम इम्प्रेस्ड." काकांचा चेहरा असा फुलला, की मी दुसरीकडे बघितलं.

आम्ही पानावर बसलो. रोहन देवघरात घंटा वाजवत होता. मग घंटा थांबली आणि तो बाहेर आला. एका हातात देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण. दुसऱ्या हातात वितीएवढी किल्ली.

"आजोबा, लुक! बेबीज की!"

आपल्याकडे किल्ली ठेवायची जागा ती एकच. कपाटाची असो, ट्रंकेची असो, देवाखाली ठेवायची. माझी आईही तिथेच ठेवते. अख्ख्या टेक्सासातल्या तिजोऱ्या नापास करणाऱ्या माणसाने किल्ली बाळकृष्णाच्या गादीखाली सरकवून दिली होती, आणि घरात तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल असं एकमेव खेळणं तेच होतं.

नीताने घास खाली ठेवला. रोहनच्या हातातून किल्ली घेतली आणि काकांच्या पानाशेजारी ठेवली. मग खुर्ची मागे सरकवून ती उठू लागली. सामान भरायला जाणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. मी वाट बघत होतो, आता काका विचारतील, जबाबदार कोण?

काका म्हणाले, "मी."

एवढंच. एरवी ज्या आवाजाने दुकानं हलायची, तो आवाज मला ऐकू येईना. त्यांनी किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. "तू तिकडे लांब चाललास ना? घेऊन जा. मी मागितली तरी देऊ नकोस. तिथपर्यंत हा पोचणार नाही."

नीता उभीच होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "आई, भात वाढ." दुपारी गॅरेजमधलं खोकं उघडलं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी काकांचा फोन आला. "सुभाषराव, शस्त्रं काढायची आहेत. किल्ली घेऊन या."

मी म्हणालो, "काका, टपालाने पाठवू का?"

"टपालाने?" एवढा संताप मी तिजोऱ्यांबाबतही ऐकला नव्हता. "किल्ली टपालाने? वाटेत हरवली तर? ह्याला जबाबदार कोण?" मी गेलो. श्रीखंड खाल्लं, व्याख्यान ऐकलं. जुने विद्यार्थी पांगले होते, चादरीसमोर मी एकटाच होतो. तरी काका अख्खा तास बोलले.

पुढच्या वर्षी माझं काम ऐन रंगात आलेलं. येता येणार नाही हे सांगायला फोन केला, तर काका बाहेर गेलेले. काकूंनी घेतला. म्हटलं, "काकू, ह्या वर्षी कुलूपवाल्याला बोलवाल का? माझ्यामुळे पूजा अडायला नको."

"अरे, कुलूपवाला कशाला?" काकू म्हणाल्या. "दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये आहे की. ह्यांनीच ठेवलीय, पहिल्या दिवसापासून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे रोज कॅलेंडर बघतात. तू कधी निघणार ते लिहून ठेवलंय त्यावर. मी बोलले हे सांगू नकोस हं."

मी फोन ठेवला. फोनवर काकांशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. म्हणून पत्र लिहिलं:

"तीर्थरूप दामूकाकांना सुभाषचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी येतो आहे. रजा मिळायला त्रास झाला. मॅनेजरने विचारलं, त्या तिजोरीला दुसरी किल्ली नाही का? मी त्याला स्पष्ट सांगितलं, नाही. किल्ली मी नसताना कोणाच्या हाती लागायला नको, म्हणून स्वतःच घेऊन येणं भाग आहे. तो हसला. इथल्या लोकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे.

किल्ली माझ्याकडे नीट आहे. देवाखाली ठेवलेली नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वरून शिवून आणीन. इथे एका बाईंच्या बागेत झेंडू आला आहे, तोही आणतो. काकूंना श्रीखंड थोडं जास्त करायला सांगा. व्याख्यान मात्र मागच्या वर्षी लोखंडाच्या पिळापाशी राहिलं होतं, तिथून पुढे हवं.

पूजा झाली की किल्ली मी परत घेऊन जाईन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणीन. मध्येच ती मागू नका. मागितलीत तरी मी देणार नाही. तुमचाच हुकूम आहे.

तुमचा,
सुभ्या"