टोपीच्या डब्यातली द्राक्षं

द्राक्षमळ्यांच्या मेन्दोसा प्रांतात जायचं ठरलं आणि आन्सेल्मोने दोन दिवसांत पाच वाइनरींच्या भेटी बसवल्या. पहिली शनिवारी अकराला, दुसरी साडेबाराला. त्याची बायको डेल्फिना हिला त्यातलं काहीएक नको होतं. तिला फक्त तिथे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, हर्मिनियाताईला, आपल्या अंगणातली द्राक्षं खाऊ घालायची होती.

लग्न होऊन ब्यूनोस आयरेसला येताना तिने बाबांच्या वेलीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. बाबांचा मळा पुढे गारपिटीत गेला, काडीचा मात्र मांडव झाला. पण ताईचा पन्नास वर्षं एकच हेका, "शहरात आपली वेल? थापा मारू नकोस!" आणि ताई आता चौऱ्याऐंशीची.

"अगं, प्रांताच्या हद्दीवर फळं आत सोडत नाहीत. कीड पसरते म्हणून," आन्सेल्मो म्हणाला.

"मला नका शिकवू. मी तिथलीच आहे!" असं म्हणून तिने सहा किलो द्राक्षं टोपीच्या डब्यात भरली.

नाक्यावर तपासनीस गाडीत डोकावला. "आजी, डब्यात काय?"

"टोपी."

"मग टोपीवर गांधीलमाश्या कशाला जमल्यात?"

आन्सेल्मो ओळख नसल्यासारखा समोर बघत राहिला.

नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. इथेच खा, नाहीतर पिंपात टाका. "बाबांची द्राक्षं पिंपात?" डेल्फिनाने तिथेच बसकण मारली. "खा हो तुम्ही!" आन्सेल्मोने दीड किलो रिचवली. मागच्या बसमधली माणसंही मदतीला धावली. ते बघवेना, तेव्हा तिने रडत फोन लावला. "ताई, तुझी द्राक्षं लोक खातायत गं!"

"खबरदार कुणाला हात लावू दिलास तर! आलेच मी!"

डेल्फिना डब्याच्या झाकणावर बसली ती हललीच नाही. आन्सेल्मोच्या दोन वाइनरी तिथेच बुडाल्या.

एक वाजता शेजाऱ्याच्या टेम्पोतून ताई उतरली. चाळीस वर्षांत तिने प्रांताची हद्द ओलांडली नव्हती. काठी टेकत ती नाका ओलांडून डेल्फिनाकडे आली आणि तिने एक मणी तोंडात टाकला.

"आंबट!"

डेल्फिनाचा चेहरा पडला.

"बाबांचीपण आंबटच होती गं," ताईने दुसरा मणी उचलला. "पहिला घड आपल्यालाच द्यायचे ना? म्हणून आंबट आहेत असं आपण त्यांना कधी सांगितलं नाही."

मग दोघी बहिणी रडत, हसत घडामागून घड खात बसल्या.

ताईला घेऊन मेन्दोसाच्या हद्दीत शिरताना तपासनिसाने विचारलं, "आजी, आता काही फळबिळ नाही ना?"

ताईने नाही म्हणून मान हलवली. तिचे दोन्ही गाल टम्म फुगले होते. त्याने क्षणभर पाहिलं आणि आडवा दांडा वर केला.